स्क्रीनशॉटच्या कडा

आमच्या उज्जैनला श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावाचा सावन सुरू होतो आणि पंधरा दिवसांनी, अमावस्या उलटली की आम्हा मराठी घरांचा श्रावण. महाकालाला दोन्ही चालतात. त्याची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, सावनातल्या पहिल्या सोमवारी निघते ती आमचा श्रावण संपेपर्यंत दर सोमवारी निघतच राहते, म्हणजे चांगला दीड महिना. या दीड महिन्यात सोमवारी निम्मे रस्ते बंद, देवास गेटला गाड्यांची कोंडी, शिप्रेचं गढूळ पाणी रामघाटाच्या पायऱ्या चढून छोट्या देवळांत शिरलेलं, आणि माधवनगरात पहिल्या मजल्यावरच्या माझ्या ऑफिसात फोन ठणाणा वाजत असतो.

यंदाही वाजला. "मैडम, सवारी के स्वागत का फ्लेक्स बनाना है. लोगो भेज दिया है, देख लो." बघितलं. लोगो म्हणजे दुकानाच्या शटरचा फोटो. शटर अर्धं वर गेलेलं, त्यामुळे रंगवलेल्या कमळाच्या फक्त खालच्या पाकळ्या आणि त्यांच्याखाली कुणाची तरी चप्पल. मला हसू आलं. हसले आणि मग खुर्चीत तशीच बसून राहिले, कारण हा मोसम आला की गेल्या वर्षीचा श्रावण आठवतो.

माझं काम डिझाइनचं, असं लोक समजतात. खरं काम लोकांकडून धड फाइल काढून घेण्याचं आहे. जाहिरात तासाभरात होते हो, लोगो मिळायला आठवडा जातो. कुणी लॅमिनेशन केलेलं व्हिजिटिंग कार्ड आणून देतो, त्यावर ट्यूबलाइट चमकत असते. एका कोचिंग क्लासचे सर आले, म्हणाले, "लोगो? ये रहा ना," आणि छातीकडे बोट दाखवलं. शर्टाच्या खिशावर भरतकाम होतं. स्कॅन करावा लागेल म्हटल्यावर ते खरोखरच वरची बटणं काढायला लागले. "अहो, राहू द्या, राहू द्या!" म्हणत मी मोबाइलनेच फोटो काढला. खिशात पेन होतं, त्यामुळे लोगोला पोट आलं.

मोबाइलवर झकास दिसणारं चित्र वीस फुटी फ्लेक्सवर नेलं की त्याचे चौकोन चौकोन होतात. आमच्याकडे त्याला फोटो फटणं म्हणतात. 'फट तो नहीं रहा, मैडम?' हे मी दिवसातून दहादा ऐकते. मग बसते. त्या फाटक्या चित्रावरून रेघ रेघ नव्याने काढते, अशी की शिक्क्याएवढी छापा नाहीतर घराएवढी, कडा स्वच्छच राहतील. याला ओपन फाइल म्हणतात. ती झाली की तिचं एक पाकीट करते. छपाईची वेगळी, मोबाइलची वेगळी, गडद कापडावर छापायची वेगळी. वर एक कागद, कोणती कुठे वापरायची ते हिंदीत सोपं करून लिहिलेला. आणि सगळं गिऱ्हाइकाच्या हातात देऊन टाकते. धंद्यातले लोक मला वेडी म्हणतात. ओपन फाइल हातची सोडायची नसते, सोडली की गिऱ्हाईक गेलंच. मला ते कधी पटलं नाही. दुकान त्याचं, नाव त्याच्या आजोबांचं, मी कोण ते कुलुपात ठेवणारी? मी आयुष्यभर देत आले, आणि त्याचा मला गर्व होता. होता म्हणजे चांगलाच होता.

स्क्रीनशॉट ही आणखी वेगळी जात. लोगो पाठवा म्हटलं की लोक जुन्या चॅटमध्ये तो शोधतात आणि आख्ख्या पडद्याचा फोटो काढून पाठवून देतात. वर घड्याळ आणि बॅटरी, खाली कुणाचा तरी निम्मा मेसेज. त्या कडांवर मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू! 'मम्मी को मत बताना.' 'रिपोर्ट आ गई क्या?' एका तुपाच्या दुकानदाराच्या लोगोखाली लिहिलेलं होतं, 'तेल कितना मिलाना है?' त्या दिवसापासून आमच्या घरी त्या दुकानाचं तूप बंद झालं. पण मला लाज वाटली. माणूस विश्वासाने आपला पडदा पाठवतो आणि आपण त्याच्या घरात डोकावतो. म्हणून नियम केला की कडा वाचायच्या नाहीत. फाइल उघडली की आधी कात्री चालवायची, मग बघायचं. हा नियम मी खूप वर्षं पाळला.

माधुरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझे बाबा बँकेत, अकोल्याहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. तिच्या घरातले लोक संस्थानी दरबाराच्या काळापासूनचे उज्जैनकर. ती मला अजून 'तुम्ही काय, काल आलेले' म्हणून चिडवते. पण नव्या शाळेत पहिल्या दिवशी मला आपल्या बाकावर सरकून जागा देणारी तीच. आमच्या महाराष्ट्रीय मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका आम्ही दोघी काढायचो. जाहिराती, लेख, दहावी-बारावीत चमकलेली पोरं, वर्षभरात गेलेल्या माणसांचे फोटो. गोळा ती करायची, मांडायची मी. तब्बल बारा वर्षं.

सावन लागला की दर सोमवारी दुपारी ती ऑफिसात यायची. ओली छत्री बादलीत, पाय माझ्या स्टुलावर, आणि डब्यात उपासाची खिचडी नाहीतर मोरधन. मोरधन म्हणजे भगर, पण इथे भगर म्हटलं तर वाणी तोंडाकडे बघत राहतो. शेंगदाण्याच्या कुटाचा, शाईचा आणि ओल्या ओढणीचा वास त्या खोलीत एकत्र व्हायचा. ती नावं वाचायची, मी पानावर लावायची. "हे बघ, या वकिलांनी कॉलेजातला फोटो पाठवलाय, डोक्यावर केस आहेत न!" आणि आम्ही इतक्या हसायचो की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन बघून जायचा. खरं सांगते, मी वर्षभर त्या दीड महिन्याची वाट बघायची.

गेल्या वर्षी सावन लागता लागता ती म्हणाली, "वीणे, एक काम करून टाक न. आत्तापर्यंतचे सगळे लोगो, सगळे फोटो नीट लावून ठेव. बारा वर्षांचं. मंडळाकडे एक कॉपी पाहिजे. उद्या काही झालं तर?"

"काय होणार मला?"

"तुला नाही गं बाई, तुझ्या कंप्यूटरला!"

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत कुणाला तरी वाटलं की हे जपून ठेवावं. मी कामाला लागले. शंभराच्या वर लोगो होते. जुने पुन्हा उघडले, रंग तपासले, बंद झालेली दुकानं वेगळी केली. दिवंगतांचे फोटो तर मी किती निगुतीने केले होते ते तेव्हा पुन्हा बघितलं. घड्या पडलेले, बुरशी आलेले, एखाद्या लग्नाच्या गर्दीतून चेहरा तेवढा उचललेला. दुपारच्या दुपारी त्यात गेल्या आणि मला त्यात सुख लागत होतं.

तिसऱ्या सवारीचा सोमवार. रस्ते बंद म्हणून माधुरी आली नव्हती. दुपारी तिचा मेसेज आला, 'हा घे देवास गेटच्या मिठाईवाल्यांचा लोगो.' सोबत स्क्रीनशॉट. मी तो मोठ्या पडद्यावर उघडला आणि कात्री घ्यायला हात पुढे केला. पण कडेला माझं नाव होतं. दुसऱ्यांचे मेसेज न वाचता येतात, स्वतःचं नाव न वाचता येत नाही. ते दिसतंच.

लोगोच्या वर माधुरीने लिहिलेलं होतं, 'वीणाकडून आधी सगळ्या फायली काढून घेते. मग सांगू तिला. आत्ता कळलं तर ती देणार नाही.' त्याखाली कुणाचा तरी अंगठा. लोगोच्या खाली दुसऱ्या कुणाची तरी ओळ, 'चला, जावईबापू खूश!' ग्रुपचं नाव होतं 'स्मरणिका नवीन'. त्या ग्रुपमध्ये मी नव्हते.

कोडं नव्हतंच काही. तिच्या लेकीचं, सायलीचं लग्न इंदूरला ठरलं होतं. मुलाची तिथे डिझाइनची एजन्सी. साखरपुड्याची पत्रिका मीच केली होती, मुलाच्या नावाखाली एजन्सीचा लोगोसुद्धा मीच साफ करून बसवला होता. त्याला इथल्या मंडळींत ओळख हवी असेल, तिला जावयाचं मन राखायचं असेल. असू दे न! मला म्हणायचं होतंस, वीणे, यंदा त्याला करू दे. मी दोन दिवस फुगले असते, तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याला सगळं समजावून दिलं असतं. काम गेल्याचं मला दुःख नव्हतं. माझ्या जिवाला लागलं ते शेवटचं वाक्य. ती देणार नाही. जिने रस्त्यावरच्या परक्या माणसालाही कधी फाइल नाकारली नाही, तिच्याबद्दल, आणि लिहिणारी कोण तर माझ्या बाकावरची.

तेवढ्यात पडद्यावर तिचा दुसरा मेसेज उमटला, 'मिळाला न? असा चालेल?'

बारा वर्षं मी तिला ओरडत आले की बाई गं, स्क्रीनशॉट पाठवू नकोस. त्या दिवशी लिहिलं, 'चालेल.'

खिडकीखालून सवारीला निघालेली पोरं झांजा वाजवत चालली होती. मी उठून खिडकी लावून घेतली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला. असा राग मला माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही, आणि त्याने संधी कमी दिल्या असं नाही.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते आजवर एकदाच, तेही अर्धंच सांगितलंय. त्या सगळ्या फायली एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीची लहानशी, दाबून बारीक केलेली कॉपी काढली. लोक मला पाठवतात न, अगदी तशी. मोबाइलवर बघा, सुरेख दिसेल. कागदावर मोठी छापा, फटेल. नावं मात्र नीट दिली, फोल्डर नीट लावले, वर तो सूचनांचा कागदही ठेवला. मला हे करता येत होतं कारण बिघाड कुठे आणि कधी दिसतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? वीस वर्षं ज्याच्याशी भांडले तेच मी माझ्या हाताने, मन लावून केलं. मध्ये एकदा चहा केला तो तसाच गार झाला.

पेन ड्राइव्ह द्यायला तिच्या घरी गेले. तिने भुट्ट्याचा कीस केला होता, वर भरपूर खोबरं, मला आवडतो तसा. पेन ड्राइव्ह तिथल्या तिथे मोबाइलला लावून तिने दोन-चार लोगो बघितले. "वा! मस्तच गं! सगळ्या आहेत न?"

"सगळ्या आहेत."

"काही राहिलं नाही न?"

"नाही."

मग तिने माझ्या ताटलीत अजून कीस वाढला आणि ताटलीकडेच बघत म्हणाली, "यंदा न, सगळे म्हणतात की जरा वेगळं करू. तू पण थकतेस. आमच्या जावईबापूंना देऊन बघू एक वर्ष. तुला राग नाही न?"

"छे गं, राग कसला?" मी म्हटलं, आणि कीस संपवला. चव लागली नाही. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला समोर दिसत होतं. तिने मला दारापर्यंत सोडताना मिठी मारली, आणि वाईट म्हणजे ती मिठी खरी होती.

गणपती बसले. स्मरणिका आली. मुखपृष्ठ चकचकीत, आणि आत पानोपानी सगळं फटलेलं. मिठाईवाल्यांच्या नावाला दाते पडलेले, डॉक्टरांच्या लोगोचा नुसता डाग. मंडपात लोक पानं डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून बघत होते आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. आरती संपेपर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरीचा फोन. "वीणे, बघितलंस कसं छापलंय? तो म्हणतो फायलीच तशा होत्या, पुन्हा मागायला वेळ नव्हता. मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, वीणाच्या फायलीत खोट निघूच शकत नाही, तूच काहीतरी घोळ केलाय. नाही का गं?"

"विचार त्याला," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मला पुन्हा फसवल्यासारखं वाटलं. मी फाइल देणार नाही असं तिला खुशाल वाटलं, आणि मी वाईट फाइल देईन हे तिला वाटेचना! मैत्री म्हणायचं का याला? आता आम्ही भेटतो, हळदीकुंकवाला जातो, ती मला सोमवारच्या शुभेच्छा पाठवते, मी हात जोडलेले पाठवते. मी ते वाचलं हे तिला माहीत नाही. तिला माझ्याबद्दल काय माहीत आहे हे मला माहीत नाही. सायलीच्या लग्नात आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून अक्षता टाकल्या. या सावनात ती अजून एकदाही ऑफिसात आलेली नाही, आणि दुपारी जिन्यावर पाय वाजला की मी अजून वळून बघते. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

गेल्या वर्षी विसर्जन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मंडळातले आपटे काका ऑफिसचा जिना चढून आले. रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. काकू त्या वर्षी होळीच्या सुमारास गेल्या. धापा टाकत खुर्चीवर बसले आणि पिशवीतून स्मरणिका काढली.

"वीणा बेटा, जरा तुझ्या कंप्यूटरवर मोठं करून दाखव न. मला हिचा चेहराच दिसत नाही या पानावर. चार दिवस बघतोय, चष्मा पुसून बघितला. मोतीबिंदूच उतरला असणार. उद्या डॉक्टरकडे जातोय, पण म्हटलं आधी तुझ्याकडे एकदा बघून घ्यावं."

त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. काकूंच्या फोटोत डोळ्यांच्या जागी राखाडी चौकोन होते. कुंकवाचा एक तांबूस ठिपका तेवढा ओळखू येत होता. तो फोटो मीच सावनाच्या सुरुवातीला स्मरणिकेसाठी केला होता. नातवाच्या मुंजीतल्या गर्दीतून काकूंना उचललं होतं, गालावर पडलेली कुणाच्या तरी हाताची सावली काढायलाच मला एक अख्खी दुपार लागली होती. त्या दोन दिवसांत रागाच्या भरात मी फायलींची नावं बघत गेले, चेहरे बघितले नाहीत.

मी मूळ फाइल उघडली. पडदाभर काकू आल्या. पदर सारखा करता करता कुणाकडे तरी बघून हसणाऱ्या, कपाळावरची बारीक आठीसुद्धा दिसत होती. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"दिसते की," ते म्हणाले. "म्हणजे डोळे ठीक आहेत माझे."

"डोळे ठीक आहेत काका. डॉक्टरकडे जाऊ नका."

"मग पुस्तकात असं कसं झालं गं? छापणाऱ्याने केलं?"

हो म्हणायला काय लागत होतं? सगळं गाव तेच म्हणत होतं. इंदूरच्या त्या मुलाने तो ठपका घेतलासुद्धा होता. पण काकू समोर पडद्यावर होत्या आणि मला ते म्हणता येईना.

"नाही. फाइल खराब होती. मी दिली होती. मुद्दाम दिली होती, काका."

त्यांना ते कळायला वेळ लागला. एकदा पानाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. ते रागावले असते तर मी सगळं सांगितलं असतं. तो मेसेज, तो ग्रुप, माधुरी, सगळं. माझी बाजू माझ्या जिभेवर तयार होती आणि ती खरीही होती. पण ते रागावले नाहीत.

"हिच्यावर राग होता का तुझा?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, काका!"

"मग गं?"